शून्य तक्रारींमुळे झालेली बदली रद्द करणेबाबत

प्रति,
मा. सहायक अभियंता,
वीज वितरण शाखा कार्यालय,
मुठा खोरे, ता. मुळशी, जि. पुणे.

विषय : तक्रारी येत नाहीत म्हणून मला खांबावरून टेबलावर न आणणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ११ ऑगस्टचे पत्र.

महोदय,

मी वैष्णवी शेडगे, तंत्रज्ञ, म्हणजे गावच्या भाषेत वायरमन. जूनमध्ये मी रुजू झाल्यापासून वरच्या वाडीतून एकही तक्रार नाही, सबब तेथे तंत्रज्ञाची गरज नाही व मी सोमवारपासून आवक-जावक पाहावी, असे आपण कळविले आहे. नोंद बरोबर आहे. वीज मात्र अकरा वेळा गेली.

१. मला प्रथम खांबावर पाहून श्रीमती गोजराबाई (वय ७३) यांनी "पोरगी पडंल! कुनी फोन करायचा न्हाई," असा हुकूम सोडला. त्यांचा हुकूम आपल्या परिपत्रकापेक्षा लवकर पोहोचतो.

२. तेव्हापासून वीज गेली की गिरणीवाले कमरुद्दीनचाचा "पट्टा तुटलाय" म्हणून गिरणी बंद ठेवतात. पट्टा अकरा वेळा तुटला. गिरणी बंद दिसली की मी बिघाड शोधून गोजराबाईंच्या नकळत खांबावर चढते. बंगल्यातील निरंजन साहेब घरून काम करतात, तेही तक्रार न करता मुकाट्याने हिंजवडीला गाडी काढतात. तिथला ट्रॅफिक पत्करणारा माणूस बाईंना किती घाबरत असेल, हे आपण जाणताच.

३. मी भरतीत मुलांच्या बरोबरीने खांब चढले आहे. इतके करून माझ्या वाट्याला जावक रजिस्टर यावे, याचे मला फार वाईट वाटते.

४. बदलीची बातमी कळताच काल वाडीतून चौतीस तक्रारी आल्या. मी घरोघर गेले. तेहतीस घरी पंखे चालू व चहा तयार होता. या तक्रारी खोट्या आहेत. त्यांच्या आधारे मी काही मागत नाही.

५. चौतिसावी खरी होती. गोजराबाईंच्याच घरी आठ दिवस वीज नव्हती. खांबावरील वायर जळाली होती. लाईन बंद करून घेऊन मी चढले. त्या खाली उभ्या राहून देवाचे नाव घेत होत्या व मधूनमधून मला शिव्या देत होत्या. वीज आली, तरी त्यांनी घराकडे पाहिलेही नाही. म्हणाल्या, "आगं, तुला येतंय की! मग मी आठ दिस अंधारात कशापायी बसले?"

तरी बदली रद्द व्हावी. सोमवारी मी टेबलावर दिसले तर हाच प्रश्न विचारायला त्या आपल्याकडे येणार आहेत, असे कळविण्यास त्यांनी सांगितले आहे.

आपली नम्र व खांबावरच बरी,
(सही)
वैष्णवी शेडगे
दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत : तक्रारी, खोट्या ३३, खरी १.