ओळींमधलं अंतर

३ जून, बुधवार

पाय मोडले! आज सोळा शेतं झाली. उत्तर पट्ट्यातला गहू. ओळीत एक मीटर पट्टी ठेवायची, तेवढ्यातल्या ओंब्या मोजायच्या, फॉर्मवर लिहायच्या, पुढच्या शेतात जायचं. अकरा वर्षं हेच करते आहे. पण या वर्षीसारखं कधी पाहिलं नाही. ओळीत ओंब्या इतक्या दाटल्यात की मोजताना बोटं अडकतात. विश्वास बसेना म्हणून दोनदा मोजलं. आकडा तोच.

आणि बाजारात बघावं तर गहू रोज महाग. समुद्रापलीकडे पाऊस नाही. दोन जहाजं कुठल्याशा कालव्यात अडकून पडलीत. वर कुठला तरी देश निर्यात बंद करणार अशी आवई. बंद केली नाही हं, नुसती आवई! तेवढ्यावर भाव तीन टक्के वर. आयुष्यात ओंबी हातात न धरलेली माणसं पडद्याकडे बघून घाबरतात आणि आमच्या कोपऱ्यावरचा पाव महाग होतो.

आता सगळे आमच्या सरकारी कार्यालयाच्या पीक-अंदाजाकडे डोळे लावून बसलेत. आपण जगाला गहू विकणारे, तेव्हा आपलं पीक किती यावर परक्या बंदरांतले भावसुद्धा हलतात. १२ तारखेला दुपारी बाराला जाहीर होणार.

६ जून, शनिवार

धाकट्या भावाचा फोन. त्याच्या पिठाच्या गिरणीत तीन आठवडे पुरेल एवढाच गहू उरलाय. पुढच्या चार महिन्यांचा आत्ता घ्यावा की थांबावं, याचा घोळ चाललाय. "तुला विचारत नाही हं ताई, नुसतं सांगतोय."

नुसतं सांगतोय! लहानपणी दुकानासमोर उभं राहून "मला गोळी नकोय" म्हणायचा, तोच सूर. मी विचारलं, तिकडे उकाडा कसा आहे? तो हसला. मला हसू आलं नाही. बाबांच्या मागे ती गिरणी त्यानं एकट्यानं ओढली आहे. नऊ माणसं कामाला आहेत. एक खरेदी चुकली तर मोठ्या गिरण्या त्याला गिळून टाकतील, हे मला काय कळत नाही?

९ जून, मंगळवार

आकडा निघाला. सहा जणांना माहीत आहे. इथेही लिहिणार नाही. वहीला तोंड नसलं तरी वाचणाऱ्याला असतं. एवढंच लिहिते की पीक मोठं आहे आणि जाहीर झालं की भाव कोसळणार.

झालं, लिहिलंच की! पान फाडावं का?

कुणाला सांगितलं तर नोकरी जाते, खटला होतो. पण मी त्या भीतीनं गप्प बसत नाही. छोट्या गिरणीवाल्याला आणि बड्या व्यापाऱ्याला एकाच मिनिटाला कळावं— या सगळ्या धंद्यात एवढी एकच सरळ गोष्ट उरली आहे आणि ती आम्ही सहा जण सांभाळतो. गर्व आहे मला त्याचा. असू दे.

१० जून, बुधवार

जायला नको होतं. दरवर्षी या आठवड्यात धाकट्याकडे फिरकत नाही. पण आईचा गुडघा सुजलाय आणि ती त्याच्याचकडे असते. गेले, तर जेवायला बसवलंच.

भावजय वाढताना वाकून हळूच म्हणाली, "वन्सं, तुम्ही बोलू नका काही. नुसती मान हलवा." काम असलं की मी वन्सं, एरवी ताई! धाकटा तिच्यावर खेकसला. मग ताटाकडे बघत स्वतःच म्हणाला, "उद्या सही करतोय. रोज वर चाललाय भाव. आणखी थांबलो तर बुडेन."

"थांब" म्हणायचं होतं फक्त. दोन अक्षरं! मी पाणी प्यायले. शेवटी आईला गोळ्यांचं विचारलं आणि काम आहे म्हणून उठले. धाकटा दारापर्यंत आला. माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

तो विकत घेतोय सगळ्यात वरच्या भावाला. आणि मी त्याच्या घरी जेवून आले.

११ जून, गुरुवार

सही केली. भावजयीचा निरोप आला, "झालं एकदाचं!"

१२ जून, शुक्रवार

सकाळी सातपासून बंद खोलीत. फोन दाराबाहेरच्या पेटीत, खिडक्यांना आतून सील, संडासला जायचं तर पहारेकरीण सोबत. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी आणि ही तऱ्हा! साहेबांनी तीन वेळा आकडे मोठ्यानं वाचले. माझ्या पट्ट्याचा आकडा आला तेव्हा कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. बाराच्या ठोक्याला अंदाज बाहेर गेला.

बारा वाजून चार मिनिटांनी भाव नऊ टक्के खाली. बाजार बंद होताना चौदा.

फोन परत मिळाला. धाकट्याचा एकही कॉल नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१४ जून, रविवार

आईचा फोन. बाकीच्या गिरण्या आता स्वस्त गहू घेऊन पिठाचा भाव पाडतायत, याच्याकडचं महाग पीठ कोण नेणार? मग एकदम म्हणाली, "तुला माहीत होतं ना गं?" मी तिच्या गुडघ्याचं विचारलं. "सख्खा भाऊ ना तुझा?" आणि ठेवला फोन.

रडले. पोटभर रडले. तरीही, पुन्हा वेळ आली तर तसंच वागेन. निदान आकडा तरी खरा होता.

१७ जून, बुधवार



पुढच्या फेरीची शेतं ठरवायला उत्तर पट्ट्यात गेले होते. गाडी पंक्चर. मदतीला पेरणीयंत्रं दुरुस्त करणारा म्हातारा मिस्त्री आला. चाक बसवता बसवता आपला सहज बोलत होता. "नवीन यंत्रं आलीत ना बाई, ती वीस-वीस सेंटिमीटरवर ओळी टाकतात. शेतात फेरे कमी, डिझेल वाचतं. डिझेल काय भावानं चाललंय! अर्ध्याअधिक पट्ट्यानं या खेपेला हीच घेतली."

वीस!

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, "ओळींमधलं अंतर". तो आम्ही शेतात भरत नाही. कार्यालयातच, चहा पिता पिता, सगळ्या गठ्ठ्यावर भरून नेतो. पंधरा, पंधरा, पंधरा. इतकी वर्षं पंधराच असायचं, उन्हात पुन्हा पट्टी कोण लावणार! उत्तर पट्ट्याचे फॉर्म माझ्या अक्षरात आहेत.

बी तेवढंच, ओळी कमी, म्हणून एकेका ओळीत दाटी. मी दाटी मोजली आणि ओळी जास्त धरल्या. मोठं पीक नाहीच कुठे. ते मी बसल्या जागी पिकवलं.

१८ जून, गुरुवार

साहेबांपुढे सगळं मांडलं. डोळे पांढरे झाले त्यांचे. उठून आधी दार लावलं. "पुढच्या महिन्याच्या अंदाजात हळूच दुरुस्त करू. आज बोललो तर आपल्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील?"

म्हटलं, महिनाभर लोक या खोट्या भावाला विकत बसतील.

"तोपर्यंत तोंडाला कुलूप. नियम काय मी शिकवू तुम्हाला?"

मला नियम शिकवतात! नियम सगळ्यांना एकदम कळावं म्हणून आहे, आपली अब्रू झाकायला नाही. हे सगळं जिना उतरताना सुचलं. त्यांच्यासमोर नुसतीच मान डोलावून आले. मूर्ख!

२० जून, शनिवार

रजा टाकून काल आणि आज स्वतः फिरले. एकेचाळीस शेतं, प्रत्येकात पट्टी आडवी लावली. सत्तावीस ठिकाणी वीस.

ठरलं. सोमवारी सकाळी नऊला कार्यालयाच्या फाटकावरच्या फलकावर कागद लावणार. काय चुकलं, किती चुकलं, माझी सही. बातमीदारांना त्याच मिनिटाला. बाजार दहाला उघडतो, म्हणजे सगळ्यांना सारखाच एक तास. नोकरी जाईल. जाऊ दे.

२१ जून, रविवार

आई म्हणाली, धाकट्याच्या मागे एक बडा व्यापारी लागलाय, पडेल भावानं सगळा गहू मागतोय. "विकू की धरून बसू, त्याचं काही ठरत नाही. जेवत नाही नीट."

दुपारी त्याला फोन केला. उचलला! अकरा दिवसांनी आवाज ऐकला त्याचा. "धरून बस" अगदी ओठांवर आलं होतं. पण उद्या नऊला सगळ्यांना कळणारच आहे. त्याला एकट्याला आज सांगितलं तर दार लावून घेणाऱ्या साहेबांत आणि माझ्यात फरक काय?

"आई गोळ्या घेते ना?" विचारलं.

"घेते. आणखी काही?"

मला काही बोलवेना. तोही थांबला. मग मी "नाही" म्हणाले आणि ठेवला. बाजार बंद आहे आज. सकाळपर्यंत काही होत नाही.

२२ जून, सोमवार

नऊला कागद लावला. दहाला भाव उसळला, बारा टक्के वर.

सव्वादहाला फाटकाशी धाकटा. कागद वाचून झाला होता त्याचा. म्हणाला, "त्या दिवशी जेवताना तू अशीच गप्प बसलीस, आणि भाव पडला. काल फोनवर पुन्हा तशीच झालीस. मला वाटलं, ताई या वेळी सांगतेय, आणखी पडणार म्हणून. सकाळी आठलाच त्या व्यापाऱ्याला फोन केला. सगळा देऊन टाकला."