दोन डॅक आणि सुनीताचे कान

शनि., ८ नोव्हें.
डोंबिवलीहून दोन्ही डॅक आणले. तीन वर्षं त्यांच्याबद्दल नुसता वाचतोय, शेवटी दुकानवाले शेट्येच कंटाळले. "साहेब, दुकानात ऐकून ठरत नसतं. आठवडाभर घरी न्या." एक रुपेरी, एक काळा. काळ्यात दोन व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओसारखे लालसर पेटतात. बाळकुमला घरापर्यंत मागच्या सीटवर दोघांना बेल्ट लावून आणलं.
सुनीता दारातच, "अहो, हे करतं काय नक्की?"
म्हटलं, गाण्याची फाइल म्हणजे नुसते आकडे. त्यांचा आवाज हा करतो.
"मग आत्तापर्यंत कोण करत होतं?"

रवि., ९
सकाळपासून ऐकतोय. वहीत तीन पानं झाली. काळा: खोल, ऊबदार, डग्ग्याला वजन. रुपेरी: स्वच्छ पण कोरडा. काळाच घ्यायचा, जवळजवळ नक्की. कळव्याच्या सावंतला (तोही माझ्याइतकाच वेडा) फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. सु. म्हणाली, जेवण गार होतंय.

सोम., १०
हसू नये कुणी.
शेट्ये म्हणालेले, न बघता ऐका. संध्याकाळी दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, सु.च्या हातात रिमोट दिला. मी पाठमोरा. तिने मनाला येईल तसं बदलायचं, मी ओळखायचं. वीस वेळा.
अकरा बरोबर. वीसपैकी अकरा! डोळे मिटून काहीही ठोकलं असतं तरी एवढे आलेच असते. तीन पानं लिहिलेली मी.
चिडून म्हटलं, तू ओळखून दाखव. ती मेथी निवडत बसली, पाठ माझ्याकडे. एकोणीस बरोबर. एक चुकलं तेव्हा कुकरची शिट्टी झालेली.
"तुला कसं कळतं?"
"काळ्यात तंबोरा गोड होतो जरा. खोटा गोड."
पुढे म्हणाली, "पण आपल्याकडे गाणारी बाई दोन स्पीकरच्या मधे कुठे उभी राहते? सावंत भावोजींकडे राहते. आपल्याकडे इकडेतिकडे पसरल्यासारखी."

मंगळ., ११
सकाळी डावा स्पीकर फिरवून बघितला. लाल वायर काळ्या खाचेत, काळी लाल खाचेत. उलट्या. या घरात आलो तेव्हा मीच जोडलेल्या. अकरा वर्षं.
नीट जोडल्या. बाई मधोमध येऊन उभी राहिली.
"तुला कधीपासून कळत होतं?"
"इथे आलो त्या दिवसापासून. वायरींचं नाही माहीत, पण काहीतरी चुकलंय हे."
"अगं मग बोललीस का नाही?"
"बोलले असते तर ऐकलं असतंत?"
ऑफिसला फोन केला, येत नाही म्हणून. कारण काय सांगणार.

बुध., १२
आज नेटाने विचारलं. इतका कान, मग नौपाड्याचा गाण्याचा क्लास का सोडलास? मला आपलं वाटायचं, कंटाळली असेल.
कपड्यांच्या घड्या करत होती. सरळ, न रागावता म्हणाली: "तुम्ही गॅलरीत फोनवर बोलत होतात. 'हिला आवड आहे रे, पण कान नाही,' म्हणालात. मी चहा घेऊन येत होते. त्या गुरुवारपासून गेले नाही."
मला आठवत नाही. खरंच काही म्हणजे काही आठवत नाही.
"मला वाटलं, तुम्ही एवढं ऐकता. तुम्हाला कळत असणार."

गुरु., १३
जेवलो नाही नीट. दुपारी सावंतला फोन. असं कधी बोललेलो का मी, सुनीताबद्दल?
तो म्हणाला, "बोललेलास."
"नक्की?"
"अरे, एकदा नाही. माझ्या घरी, तिच्यासमोरसुद्धा. गमतीत. आम्ही हसलेलो सगळे."
ती हसलेली का, हे विचारायची हिंमत झाली नाही.

शुक्र., १४
शेट्येंचे दोन फोन. "काळाच ना? बिल करू?" उद्या सांगतो म्हटलं.
सु.ला विचारलं, कुठला घेऊ?
"रुपेरी. पण मी म्हणते म्हणून नको. तुमचा छंद आहे, तुम्ही ठरवा."
स्वर नेहमीचाच. की नव्हता? आता प्रत्येक वाक्याला कान लावतोय आणि…

शनि., १५
दोन्ही डॅक खोक्यांत परत भरले. शेट्येंना सांगायचंय अजून.
सकाळी ती गॅलरीत झाडांना पाणी घालत होती. पाठीमागे उभा राहून म्हटलं, सुनीता, चुकलं माझं. नुसतं तेवढंच आलं तोंडातून. आणि क्लास परत सुरू कर, असंही म्हटलं. हे म्हणायला नको होतं बहुतेक, परवानगी दिल्यासारखं वाटलं.
तिने वळून बघितलं नाही. तुळशीला पाणी घातलं, तांब्या खाली ठेवला.
"बरं," म्हणाली.
तासभर झाला. ते 'बरं' कशाला होतं, माफीला, क्लासला की मी आता गप्प बसावं म्हणून, मला ओळखता येत नाहीये.