डावीकडची खिट्टी

डिलाईल रोड,
मार्गशीर्ष, सन १९५६

प्रिय गुणाजी,

परवा आधी आली ती शेजारची आनंदीबाई, धापा टाकत. म्हणाली, सुभद्रे, खाली मोटार लागलीय, पातळ बदल! मी कसली बदलते? तव्यावर भाकरी होती. तोवर तुझ्या कंपनीचे दोघे कलकत्त्याहून दारात हजर. एक लालबुंद गोरा, दुसरा आपल्यातलाच टायवाला. गोऱ्याने बूट बाहेर काढले रे! मोज्याला ही एवढी भोकं. अख्खी चाळ गॅलरीत जमली. सोलकढी दिली तर गोऱ्याने पुन्हा मागितली. चार वर्षांनी तुझ्याकडचं कोणीतरी आलं, म्हणून मी हरखून गेले.

टायवाला गोडीत म्हणाला, तुमच्या यजमानांचा मतपेट्यांचा कारखाना त्यांच्यामागे आता तुमच्या नावावर, त्यात आमची कंपनी अर्धी भागीदार होईल, तुम्ही नुसता अंगठा द्या. म्हटलं, मेल्या, सही करते मी, महिला मंडळाच्या वर्गात शिकलेय. मग म्हणे, मतांच्या पेट्यांचे साचे आमच्या साहेबांच्या देशात राहतील, खिट्ट्या तिकडूनच येतील. मी विचारलं, मतं आमची आणि खिट्टी तुमची, हे कसं?

तुला आठवतं ना? मागच्या निवडणुकीला तुझे आजोबा प्रत्येक खेपेतली एक पेटी घरी आणायचे आणि मला उंबऱ्यावर बसवायचे. उघड बघू तुझ्या केसांच्या आकड्याने, म्हणायचे. उघडली तर अख्खी खेप मोडीत. एकदा मी उघडली. डावीकडून आकडा घातला, झाकण अंगठ्याने उचललं, आकडा वर फिरवला. रागवायचं सोडून त्यांनी मला गरम भजी आणून दिली. शेजारी तू होतास, मॅट्रिकचं पुस्तक पालथं टाकून. आपल्या तिघांखेरीज ते कोणी पाहिलं नाही.

परवा गोऱ्याने फडताळावरची नमुन्याची पेटी मागितली. खिशातून बायकांचा केसांचा आकडा काढला. डावीकडून घातला. झाकण अंगठ्याने उचललं. वर फिरवला.

पेटी उघडली नाही, गुणाजी. आकडा वाकला. मी उघडली होती त्याच आठवड्यात आजोबांनी खिट्टी बदलली होती. तुला सांगायचं राहून गेलं, तू परीक्षेत, मग नोकरीत. मी टाळ्या पिटून हसले. आनंदीबाईला वाटलं, म्हातारी खुळावली. ते गेल्यावर मात्र ताट तसंच झाकून ठेवलं.

आपला सीताराम, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात फाउंटनला पायात गोळी लागलेला, आपल्याच कारखान्यात लंगडत झाकणं बसवतो. फाल्गुनात तो तसल्याच पेटीत मत टाकणार. त्याला काय सांगू? की तुझी पेटी कुठून उघडते, ते माझ्या नातवाने परक्यांना शिकवलं?

म्हणून हे लिहितेय. माझी सही होणार नाही. पुढच्या खेपेला मला समजवायला तुलाच आणणार आहेत म्हणे. त्यांच्या मोटारीतून येणार असलास तर येऊ नकोस. एकटा येणार असलास तर आधी कारखान्यात जा, सीतारामपुढे उभा राहून काय केलंस ते आपल्या तोंडाने सांग, मग घरी जेवायला ये. कंपनीवाले मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी येतो म्हणालेत. माझा गुरुवारचा उपास त्याच दिवशी सुटतो.

तुझीच, अजून तरी,
आजी