नर्मदाकाकूंचे दोन डबे

पाम,
ता. १९ जानेवारी

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे. संध्याकाळी पाय सुजतात, तेवढंच. थंडी इथे नावालाच असते. फोनवर हे सांगायला घेतलं तर आपण दोघी रडू, म्हणून लिहितेय. ज्ञानेशदादाला नंतर दे, आधी तू वाच.

मागच्या आठवड्यात मी "सगळं ठीक" म्हणाले, ते खरं नव्हतं. गावातली पोरं कंपनीच्या गेटसमोर धरणं धरून बसली होती. जमिनी आमच्या गेल्या आणि नोकऱ्या बाहेरच्यांना, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही गं. पण बाहेरचे म्हणजे आम्हीच. आमच्यासारख्यांना भाड्याने खोल्या द्यायच्या नाहीत, असंही गावात ठरलं. आणि पोरांचा म्होरक्या कोण, तर आमच्या घरमालकीण नर्मदाकाकूंचा चिंतू.

"त्यांना जायला सांग," तो काकूंना म्हणाला. मी भिंतीपलीकडून ऐकत होते.

"पोटुशी पोर हाय ती. मी नाय सांगणार."

तो न जेवताच निघून गेला.

गेट अडवल्यामुळे आमचे हे दोन दिवस कंपनीतच अडकले. दुसऱ्या दिवशी काकूंनी दोन डबे भरले. चिंतूला तांदळाच्या भाकऱ्या, यांना ज्वारीच्या. ज्वारीची भाकरी त्या माझ्याकडून शिकल्यात, कडा अजून फाटतात. मीही त्यांच्याबरोबर रिक्षाने गेले.

सगळ्या पोरांसमोर त्यांनी दोन्ही डबे चिंतूच्या हातात दिले. "हा तुझा. हा सुजितचा, आत दे."

"आये, लोकं बघतात!"

"बघू दे. तुझं भांडण कंपनीशी हाय ना? मग तो कशाला उपाशी?"

 चिंतूने गेटच्या गजांमधून डबा आत सरकवला. यांनी तो घेतला, आणि पोरांचे सुकलेले चेहरे बघून आतल्या नळाचा पाइप बाहेर सोडला. पोरं पोटभर पाणी प्यायली. हळूहळू गजांच्या दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं. गावच्या पोरांना कामावर घ्या, असं आतल्या कामगारांनीही साहेबांना सांगितलं. मागणी अजून पुरती मान्य झालेली नाही, पण खोल्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काल चिंतू यांच्याशेजारी ओट्यावर जेवायला बसला.

काकूंना पोटच्या पोराची बाजू सोडायची नव्हती, आणि माझीही. एवढं मोठं मन मी जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते. रविवारी दादा मला न्यायला येतोय. मी येणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे मला कळतं, तुझं मन दुखेल हेही. पण आत्ता निघाले, तर मी भिऊन गेले असं काकूंना वाटेल. पालघरच्या दवाखान्यात नाव घातलंय. काकू म्हणाल्या, "तुझ्या आयेला बोलव. दोगी मिळून करू."

दादाबरोबर तूच ये. माझं बाळ तरी जन्मापासून या गावचं असू दे.

तुझीच, आणि आता थोडी पामचीही,
वर्षाराणी