मोरीमागचा पिंपळ

द्वारका, नाशिक
दि. १८ जानेवारी १९९८

चि. सौ. लंका हिस,
दादाचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा थंडीने कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आता खरी बातमी. आपल्या कॉलनीच्या विहारात येत्या बुद्धपौर्णिमेला बोधिवृक्ष लावायचा ठरलाय. कमिटीचे अध्यक्ष झुंबरभाऊ थेट गयेला जाऊन पिंपळाचं रोप घेऊन आले, अख्खा प्रवास कुंडी मांडीवर. स्टेशनावर बँड लावला होता. आणि ते रोप पौर्णिमेपर्यंत सांभाळायचं काम भर सभेत मला दिलं! मी या द्वारकेवर हातगाडीवर मोगरा विकायचो तेव्हा हीच मंडळी मला ए मोगरेवाल्या म्हणून हाक मारायची. त्या सभेत म्हणाली, रोपातलं कळावं तर कारभारीभाऊंनाच. सभेहून घरी चालत आलो. रिक्षाने आलो असतो तर कुणाला दिसलो नसतो.

रोप विहाराच्या ओट्यावर ठेवलंय. प्रवासात त्याला पिठ्या ढेकूण लागला, देठाशी कापूस चिकटवल्यासारखा. झुंबरभाऊ विषारी फवारा आणायला निघाले होते. मी म्हटलं, आधी मुंगळ्यांकडे बघा. ढेकणाचा गोड चिकटा खायला मिळतो म्हणून मुंगळेच त्याला या पानावरून त्या पानावर नेऊन बसवतात. म्हणून परातीत पाणी भरलं, मधोमध विटा रचल्या, विटांवर कुंडी ठेवली. मुंगळ्यांची वाट बंद. मग साबणाच्या पाण्याचा बोळा घेऊन एकेक ढेकूण काढला. आता आठवड्याला निंबोळी अर्क मारतो. वहिनी म्हणते, पंचशील घेतलेला माणूस विहारात बसून जीव मारतोय. मी सांगितलं, मारत नाही, पुसतोय.

तू तुमच्या मोरीमागच्या भिंतीतून उपटून कंडक्टरबरोबर धाडलेला पिंपळही माझ्या नर्सरीत मजेत आहे. तुपाच्या डब्यातून बादलीत, बादलीतून अर्ध्या पिंपात गेलाय. उंचीला गयेच्या रोपाएवढाच, पण रुंदीला तुझ्यावर गेलाय.

दाजींना जयभीम, पोरांना आशीर्वाद. माया आहे तशी असू दे.
तुझा दादा,
कारभारी


घोटीजवळून
दि. ५ फेब्रुवारी १९९८

ती. कारभारीदादास,
धाकट्या लंकाचा सादर जयभीम. पत्रास कारण की,

तुझं पत्र दाजींनी मोठ्याने वाचलं, रुंदीचं वाक्य दोनदा वाचलं. त्या दिवशी त्यांना जेवण उशिरा मिळालं.

तुला सभेत मान मिळाला, लय बरं वाटलं. मी बाजारात तीन जणींना सांगितलं, एकीने विचारलं होतं. पण दादा, तुझ्या नर्सरीत पिंपळ उभा असताना कमिटीला गया दिसली, द्वारका नाय दिसली? माझं रोप पडलं मोरीमागचं, त्याला कोण बँड लावणार! ते जाऊ दे. मला एवढंच सांग, गयेच्या रोपाला पाणी कोण घालतं? विहारात माणसं येणार, ती काय रिकाम्या हाताने येणार?

सुनेला सातवा लागला. कैऱ्या धरल्या की धाडते. वहिनीच्या गुडघ्याला शेक दे, आणि लोभ कमी करू नको.
तुझी,
लंका


द्वारका, नाशिक
दि. १२ एप्रिल १९९८

चि. सौ. लंका हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तू पाण्याचं विचारलंस आणि मी हसण्यावारी नेलं. गयेचं रोप गेलं.

मी सांगितलं होतं, पाणी मीच घालणार. सगळ्यांनी मान डोलावली. पण सकाळी कामाला निघालेला गडी वाटीभर घालायचा. बायका तांब्याभर घालायच्या. दहावीची परीक्षा लागली तशी पोरं पेपरला जाताना बाटली रिकामी करून जायची. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकट्यानेच गुपचूप घातलं. वरचं पाणी खाली माझ्याच परातीत साठलं, विटा बुडाल्या, कुंडीची भोकं पाण्यात गेली. पानं पिवळी पडली, तर सगळे म्हणाले तहानलंय बिचारं, घाला आणखी. मी परातीतलं पाणी ओतून द्यायचो, तोवर दुसरं यायचं. काल कुंडी उलटी करून पाहिली. मुळं काळी पडलेली, सडक्या कांद्याचा वास.

हे अजून कुणाला ठाऊक नाही. लावणीआधी सावलीत ठेवायचंय असं सांगून कुंडी नर्सरीत आणली आणि पुढे गोणपाट टांगलं.

आता माझ्या मनातलं सांगतो. पिंपळ तो पिंपळ. तेच पान, तेच लांब टोक. पौर्णिमेला तुझं रोप लावून टाकलं तर खुद्द झुंबरभाऊंनाही ओळखू येणार नाही. त्यांचं मन राहील, लोकांची श्रद्धा राहील, माझंही नाव राहील. नाहीतर जन्मभर लोक म्हणतील, गयेचं रोप कारभारीने मारलं. पण रोप तुझं आहे, म्हणून तुझा होकार हवा. लगेच कळव.

चिंतेत असलेला,
तुझा दादा


घोटीजवळून
दि. १७ एप्रिल १९९८

ती. दादास,
सादर जयभीम.

रोप दिलं. पण गयेचं म्हणून नाय दिलं.

मी लग्न करून या घरात आले, दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, लंका जळते, हे नाव घरात नको. मला यशोदा केलं. कुणी विचारलं नाय. सासूबाई माणूस वाईट नव्हत्या. पण आज तीस वर्षं यशोदा म्हटलं की मी ओ देते, आणि ओ देताना दरवेळी वाटतं, ही बाई कोण? माझ्या रोपाचं तसं करायचं नाय. लोक गया समजून त्याच्या पाया पडणार आणि ते बिचारं गप उभं राहणार. असं शंभर वर्षं! पिंपळाचं आयुष्य लय मोठं असतं, दादा.

मोरीच्या साबणाच्या पाण्यावर ते भिंतीत वाढलं. मी सळईने विटा उकरून काढलं, एक मूळ तुटू दिलं नाय. लावायचं तर मोरीमागचं म्हणून लाव. लोकांना नको असेल तर पिंपासकट एस.टी.त घाल.

तुझ्या नावाची मला काळजी आहे. पण नाव तू हातगाडीवर कमावलंस, तेव्हा काय खोटं सांगून मोगरा विकलास?

सुनेचे दिवस भरत आलेत, पौर्णिमेला मला येता येणार नाय. रागावू नको.
तुझी,
लंका


द्वारका, नाशिक
दि. १४ जून १९९८

चि. सौ. लंका हिस,
सप्रेम जयभीम. नात झाल्याची तार मिळाली, वहिनीने गल्लीभर पेढे वाटले. त्या गडबडीत पत्राला उशीर झाला.

तुझं पत्र खिशात घालून सभेला गेलो. काळी मुळं कागदात गुंडाळून नेली होती, ती सगळ्यांसमोर ठेवली. झुंबरभाऊ खालीच बसले. एकजण म्हणाला, मारायचं होतं तर सांभाळायला घेतलं कशाला? मी म्हटलं, पाणी कुणी-कुणी घातलं तेवढं बोला. लंका, अर्धी सभा पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मग तुझ्या रोपाचं सांगितलं. मोरीमागचं म्हटल्यावर मागून हसू आलं. तेव्हा ठमाबाई उठल्या, त्या कॉलनीत सगळ्यात वडील. त्यांनी विचारलं, इथं महालात जन्मलेलं कोण आहे, त्यानं हात वर करावा. खुद्द झुंबरभाऊ म्हणाले, हेच लावू. मग पौर्णिमेला माइकवर त्यांनीच सांगितलं, रोप घोटीकडच्या लंकाबाईंचं, त्यांच्या मोरीमागच्या भिंतीतलं. हे मी पहिल्या रांगेत बसून ऐकलं.

रोप पिंपातून काढलं तर मुळं कडेकडेने गोल फिरलेली, दोरखंड गुंडाळून ठेवावा तशी. मी विळा काढल्याबरोबर बायका ओरडल्या, बोधिवृक्षाला लोखंड लावू नका म्हणून. त्यांना सांगावं लागलं, ही अशीच पुरली तर खड्ड्यातही गोलच फिरत बसतील, पिंप गेलं हे त्यांना कळायचंच नाही. चार बाजूंनी कापली. विळा सरळ चालला.

आता वाईट ऐक. आठवड्यात सगळी पानं गळाली. नुसती काठी उभी आहे. विहाराचा नळ नर्सरीच्या कुंपणाला लागून आणि माझे कान तुला माहीत आहेत. एक म्हणते, कारभारीने दोन पिंपळ खाल्ले. दुसरी म्हणते, बहिणीचंसुद्धा सोडलं नाही. मी कुंपणाच्या अलीकडून खोकतो, त्या पाणी भरतात. रोज नखाने साल खरवडून पाहतो. आत अजून हिरवी आहे. तेवढ्यावर चाललंय.

नातीला आशीर्वाद. दादावरचा भरवसा ठेवशील तर बरं.
कारभारी


द्वारका, नाशिक
दि. ३ जुलै १९९८

चि. सौ. लंका,

जयभीम. घाईत लिहितोय, हात मातीचा आहे, कागदाला डाग पडला तर पडू दे. आज सकाळी काठीच्या शेंड्याला तांबूस पानं आली. खालून आणखी दोन कोंब आहेत. झुंबरभाऊंना हाक मारली, ते लुंगीवरच धावत आले. मग सगळी कॉलनी जमली. कुणाच्याही हातात तांब्या नव्हता. नळावरची बाई म्हणाली, आम्हाला माहीतच होतं. मी म्हटलं, हो, मी ऐकत होतो.

आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतंय. सुनेला सवड असेल तर ये. नसेल तरी ये.
दादा


घोटीजवळून
दि. ६ जुलै १९९८

ती. दादास,
नातीसकट सगळ्यांचा सादर जयभीम.

पत्र आलं तेव्हा भाताच्या आवणीला गेले होते. चिखलातच वाचलं, मग बांधावर बसून पुन्हा वाचलं. दाजी विचारायला लागले, रडतेस का? म्हटलं, पाऊस आहे.

पौर्णिमेच्या सकाळी पहिल्या एस.टी.ने येते. दाजी म्हणतात, काही घेऊन जा, खत, नाहीतर हळदीचं पाणी. मी काही आणणार नाय. त्याला माझ्याकडून आता काही लागत नाय. मी नवं लुगडं नेसून येईन आणि थोडा वेळ त्याच्या शेजारी उभी राहीन, लोकांनी बघावं म्हणून.

वहिनीला म्हणावं, चहात साखर हात सैल सोडून घाल. माया अशीच राहू दे.
तुझी,
लंका