घड्याळजीचं भिंग

३ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

...त्या सकाळी मी अंथरुणं काढली, पाणी भरलं आणि रोजच्यासारखी दुकानातली घड्याळं पुसायला घेतली. तू पाळण्यात, पाच महिन्यांची. तुला कोवळं ऊन मिळावं म्हणून मी पडदा सरकवला, तर खिडकीकडे पाठ करून काम करणारे तुझे बाबा उठले, एक शब्द न बोलता पडदा ओढला आणि परत घड्याळात डोकं घातलं. मी दिवसभर फुगून होते.

हे आठवलं तुझ्या पत्रामुळे. त्या संशोधन केंद्रात तुझ्या धाकटीच्या डोळ्यांवर क्षणभर उजेड टाकून बाहुली कशी आकसते ते मोजणार. थोरला स्वमग्न, ऑटिझमवाला, म्हणून तिलाही बोलावलंय. मी म्हणते, नको नेऊस. कारण ऐक, पण रागावू नकोस. गेल्या महिन्यात तू इथे आली होतीस ना, तू आंघोळीला गेलीस तेव्हा बाबांचं भिंग, ज्यातून मी बारीक अक्षरं वाचते, ते माझ्या डोळ्याला लावलं, धाकटीच्या डोळ्यावर टॉर्च पेटवला आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीवर मोजलं. एक टिक व्हायच्या आत बाहुली एवढीशी! वाचनालयातल्या मासिकात आलं होतं की तान्ह्या बाळाची बाहुली जास्तच आकसली तर स्वमग्नतेची काळजी. तू बाहेर आलीस तेव्हा माझे डोळे ओले होते. तुला वाटलं, बाबांची आठवण.

जुनी झाली तरी माझी माया कमी समजू नकोस.

तुझी आई

७ जून

ती. आईस सा. न. वि. वि.

आधी कपाळाला हात लावला, मग पोट धरून हसले. तिथल्या संशोधक बाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, आजींना आमच्याकडे नोकरीला पाठवा, टॉर्च मात्र घरी ठेवून. एक टिक व्हायच्या आत तुझी-माझीही बाहुली आकसते म्हणे. यंत्राला दिसणारा फरक डोळ्याला दिसतच नाही, आणि एका मुलाच्या आकड्यावरून काही ठरतही नाही. पण धाकटीला ते तीन वर्षांची होईपर्यंत बघत राहतील.

आई, मला ‘स्वमग्न’ या शब्दाची भीती नाही. थोरल्याचं आम्हाला चार वर्षांनी कळलं. तोवर माझ्याकडे बघत नाही म्हणून मी त्याच्यावर ओरडत होते. ती वर्षं आता कुठून आणू?

थोरला त्या खोलीत टिकणार नाही, मी त्याच्याजवळ बाहेर थांबेन. धाकटीला मांडीवर घेऊन शांत बसणारं माणूस हवं. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तू येणार असलीस तरच हो म्हणते.

थोरला हल्ली उजेडाकडे पाठ करून घड्याळाला कान लावतो. बाबाही असेच होते का गं?

तुझीच, तुझ्यासारखी फुगणारी
चिमणी

१० जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

हो कळव. बसचं तिकीट काढलंय. भिंग आणेन, पण फक्त वाचायला.

बाबांचं विचारलंस. त्यांचे डोळे कुणी मोजले नाहीत, म्हणून आता मागाहून मी त्यांना कसलं नाव चिकटवणार नाही. पण पाहुणे आले की ते आत जायचे. तुझं पहिलं घड्याळ त्यांनी हातात दिलं नाही, तू शाळेत गेल्यावर उशाशी ठेवलं. मी सगळ्याला तऱ्हेवाईकपणा म्हणायची. उजेडाचा त्रास होतो का, एवढं चौतीस वर्षांच्या संसारात विचारलं नाही. धाकटीच्या बाबतीत तसं नको.

पोरांना माझा पापा दे, आणि मला वेंधळी म्हणालीस तरी माया ठेव.

तुझी आई

ता. क. पडद्याचं अर्धंच सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणं काढली, पाणी भरलं आणि मुद्दाम पडदा पुन्हा सताड उघडला.