एकच खटका

३ तारीख, सोमवार
लागली नोकरी! मामाच्या ओळखीने लागली, हे मामा जन्मभर ऐकवणार. ऐकवू दे. कॉलेज मधेच सोडलेल्याला (सोडलं म्हणजे, माझ्या मैत्रिणीवर शेरा मारणाऱ्याचं नाक फोडलं आणि वर प्राचार्यांशीही हुज्जत घातली) कुणी पांढरा कोट देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. लगेच तिला फोन केला. म्हणाली, निदान कोट अंगात असेपर्यंत तरी कुणाचं नाक फोडू नकोस. तिच्या बाबांसमोर उभं राहायचं तर हातात नोकरी हवी. आता फक्त टिकायचं.

काम असं : रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या घेणाऱ्यांचं रक्त किती वेळात गोठतं ते तपासतात आणि डॉक्टर त्यावरून गोळी कमीजास्त करतात. पण तपासणीचं रसायन दर खेपेला थोडं निराळं निघतं. तेच रक्त एका लॅबमध्ये एक आकडा दाखवतं, दुसरीत दुसरा, आणि चुकीच्या गोळीने माणूस हकनाक जातो. म्हणून प्रत्येक नवी खेप आधी आमच्याकडे येते. आम्ही ती हाताने तपासून प्रमाणित करतो, मग ती सगळीकडे जाते. खोली चांगली आहे. लांब टेबल, कोमट पाण्याचं भांडं, सहा स्टुलं, मोठी खिडकी.

५ तारीख, बुधवार
काचेच्या नळीत रक्तातलं पिवळं पाणी, त्यात रसायन, आणि स्टॉपवॉच सुरू. नळी तिरकी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरकी. गोठल्याचा पहिला धागा दिसला की बटण दाबायचं. पोरखेळ वाटला. पण सहाही जण एकच रक्त तपासतात आणि सहांच्याही वेळा जुळाव्या लागतात. बाकी पाचांच्या जुळतात. पाच बटणं आणि खटका एकच. त्याच्यामागून माझा, लंगडत.

बाई, म्हणजे आमच्याबरोबरच नळ्या तपासणाऱ्या आमच्या प्रमुख, रागावल्या नाहीत. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, हात तापट आहे, निवेल हळूहळू. शेजारच्या काकांना मी विचारलं, तुम्ही सगळे सुट्टीच्या दिवशी चोरून सराव करता की काय. काका हसले. समोरच्या दोघी आणि दाढीवालाही त्याच क्षणी हसले. आणि एकदमच थांबले.

११ तारीख, मंगळवार
दिवसभर बसून काम, तरी पाय दगडाचे झालेत. बसमध्ये उभा असताना हात आपोआप तिरका, सरळ, तिरका. समोरची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

आज दाढीवाल्याला मुद्दाम डिवचलं. दाढीवरून बोललो, मग अकलेवरून. तो म्हणाला, मलाही पूर्वी राग यायचा, नवीन होतो तेव्हा. असं म्हणाला, जसं कुणी सांगावं की पूर्वी मी दुसऱ्या गल्लीत राहायचो.

१४ तारीख, शुक्रवार
जुळलं. आज सहांचा मिळून एकच खटका. बाई म्हणाल्या, आता बरं. आनंद व्हायला हवा होता.

संध्याकाळी तिचा फोन. तिच्या घरी आमचं कळलं, बाबा भडकले, माझ्याबद्दल नाही नाही ते बोलले. एरवी मी तसाच चपला घालून त्यांच्या दारात गेलो असतो. मी म्हणालो, बरं. तिने दोनदा हॅलो म्हटलं. मग विचारलं, ऐकतोयस ना रे?

१८ तारीख, मंगळवार
काकांचा हात चुकला. खटका, आणि मागून एक वेगळा. सगळ्यांनी माना वळवल्या. मीही. मी ठरवलं नव्हतं.

काकांनी निमूट डबा उचलला. जाताना माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, अरे, मला वाईट वाटतंय, खरंच वाईट वाटतंय! डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

बाईंनी मला विचारलं, ओळखीत आहे का कुणी, रिकामं स्टूल भरायला? नाही म्हणायला तोंड उघडलं. तिचं नाव बाहेर पडलं.

२४ तारीख, सोमवार
ती आली. माझ्याच शेजारी बसली, सारखी हसत होती. आता रोज भेट, बाबा बसले बोंबलत, म्हणाली.

आमचा खटका. मग तिचा. तो मागून ऐकू येतोय तोवर ती तीच आहे.

जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, सोड ही नोकरी, आजच. उसळली. इतके दिवस तोंडातून शब्द फुटत नव्हता, फुटला तो हा? माझा पगार खुपतो का तुला? डबा आपटून गेली. किती छान आपटला. बघतच राहिलो.

२६ तारीख, बुधवार
तिचा खटका जवळ आलाय. फार जवळ. बटण दाबताना कोपराने तिला ढकलायचं, एवढंच. कोपर हललं नाही —

खूप थकलोय.

२७ तारीख, गुरुवार
सकाळी तिने माफी मागितली. डब्याबद्दल. शांतपणे. ती आणि माफी —

मग खटका. एकच. वाट पाहिली मागच्याची. नाही आला.

नळ्यांचा ट्रे फरशीवर आपटायचा. दचकेल, ओरडेल, माझा गळा धरेल, पुन्हा होईल ती. उचलला ट्रे. बोटं सुटेनात. सगळ्यांनी पाहिलं. तिनेही, त्यांच्याबरोबरच. मग मीच तो परत ठेवला. हलकेच.

कोट टांगायच्या खोलीत लिहितोय. राग आणायचा प्रयत्न करतोय. तिचे बाबा काय बोलले होते? नाक कुणाचं —

दार वाजलं नाही, पण मागे उभे आहेत. वळून बघत नाही. बाई, दाढीवाला, दोघी, ती. पाच जण आणि श्वास एकच ऐकू येतोय. आत. बाहेर. आत. नाही, पाच नाही, मी माझा धरून पाहिला तर तोही थांबला, सगळ्यांचा, म्हणजे माझाही त्यातच —